ते शून्य आपल्या हातचं राहू द्या : याउंदेला जाणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय वाणिज्य मंत्री
आणि कॅमेरूनला जाणाऱ्या भारतीय शिष्टमंडळातले सगळे अधिकारी

साहेब, नमस्कार.

मी न्हावा शेव्याला कस्टम ब्रोकरचं काम करतो, जुन्या भाषेत सीएचए, म्हणजे कस्टम हाउस एजंट. १९९६ साली बॅलार्ड इस्टेटमधल्या एका फर्ममध्ये कागद पोचवायच्या कामाला लागलो, तेव्हापासून याच धंद्यात आहे. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टमला द्यायचा कागद, हाताने टाइप करायचो ते दिवस बघितलेत आणि आता कस्टमच्या आयसगेट पोर्टलवर घरबसल्या फाइल करतो ते पण बघतोय. मी अर्थशास्त्रज्ञ नाही, दिल्लीतल्या कुठल्या संस्थेत नाही, जिनिव्हा फक्त शिपिंग कंपनीच्या कॅलेंडरवर बघितलंय. पण ड्यूटी म्हणजे काय, ती कशी लागते, कशी माफ होते आणि माफ केलेली परत लावायची तर हातात काय असावं लागतं हे मला तीस वर्षांत चांगलं कळलंय, आणि त्याच एका गोष्टीबद्दल हे पत्र आहे.

२६ ते २९ मार्च २०२६ ला कॅमेरूनच्या राजधानीत, याउंदेत, डब्ल्यूटीओची (जागतिक व्यापार संघटनेची) चौदावी मंत्री परिषद आहे. तिथे पुन्हा तो विषय येणार, इंटरनेटवरून येणाऱ्या मालावर कस्टम ड्यूटी लावायची नाही हा १९९८ पासूनचा ठराव. मागच्या वेळी अबुधाबीत, मार्च २०२४ मध्ये, ठरलं होतं की ही सवलत चौदाव्या परिषदेपर्यंत किंवा ३१ मार्च २०२६ पर्यंत, यातलं जे आधी येईल तोपर्यंत राहील आणि मग संपेल. संपेल असं स्पष्ट लिहिलंय. आता ती परत वाढवून घ्यायची, जमलं तर कायमचीच करून टाकायची असा मोठ्या देशांचा आग्रह आहे. माझी कळकळीची विनंती आहे साहेब, कायमची करायला हो म्हणू नका.

का ते सांगतो, पण माझ्या पद्धतीने सांगू द्या.

कामाला लागलो त्याच्या पुढच्या वर्षी असेल, सहार विमानतळाच्या कार्गोला एक पार्सल सोडवायला माझ्या साहेबांबरोबर गेलो होतो. आत काय होतं तर कुठल्याशा प्लँटच्या ड्रॉइंगची सुरळी, पुठ्ठ्याच्या नळीत, वजन दोन किलो पण नसेल. अप्रेझरने, म्हणजे मालाची किंमत ठरवणाऱ्या कस्टमच्या अधिकाऱ्याने, ती टेबलावर पसरली, कागद पुन्हा पुन्हा गुंडाळत होता म्हणून एका कोपऱ्यावर पंचिंग मशीन ठेवलं, दुसऱ्यावर रजिस्टर, तिसऱ्यावर चहाचा ग्लास आणि चौथा कोपरा मला धरायला सांगितला. मी धरून उभा. माझे साहेब म्हणत होते हा कागद आहे, कागदाची किंमत लावा. अप्रेझर म्हणाला, कागदाचे पैसे कोण मोजतंय, त्यावर जे काढलंय त्याचे तुमच्या पार्टीने परदेशात पैसे मोजलेत ना, मग किंमत त्याचीच धरणार. तासभर वाद झाला आणि शेवटी पार्टीने ड्यूटी भरली. मला तेव्हा वाटलं होतं हा माणूस उगाच अडवतोय.

पुढे २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने असोसिएटेड सिमेंटच्या केसमध्ये नेमकं हेच सांगितलं, की ड्रॉइंग, मॅन्युअल, टेक्निकल माहिती कागदावर किंवा डिस्कवर आली की ती वस्तू आहे आणि तिची किंमत म्हणजे आतल्या अकलेची किंमत, नुसत्या कागदाची नाही. मग २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या केसमध्ये सांगितलं की बाजारात तयार मिळणारं सॉफ्टवेअर सीडीवर असलं तरी विक्रीकरासाठी ती वस्तूच. म्हणजे आपल्या देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टाचं म्हणणं स्पष्ट होतं, किंमत डब्याची नसते, आतल्या मालाची असते.

आणि आज? तेच ड्रॉइंग ईमेलने येतं. नळी नाही, अप्रेझर नाही, बिल ऑफ एंट्री नाही, माझी पण गरज नाही. (माझा धंदा बसतोय म्हणून लिहितोय असं कुणाला वाटेल म्हणून सांगतो, माझं काम कंटेनरचं आहे आणि कंटेनर काही ईमेलने येत नाहीत.) माल तोच, परदेशात जाणारे डॉलर तेच, फक्त रस्ता बदलला आणि रस्ता बदलल्याबरोबर तो माल आपल्या कस्टमच्या हद्दीतूनच निसटला. छापलेलं पुस्तक बाहेरून मागवलं तर जुलै २०१९ च्या बजेटपासून त्यावर ५ टक्के बेसिक ड्यूटी आहे, तेच पुस्तक ईबुक म्हणून डाउनलोड केलं की कस्टम शून्य. पूर्वी सिनेमाची रिळं पेट्यांतून विमानाने यायची, गाणी सीडीवर यायची, गेम डब्यात यायचे, प्रत्येकाला टॅरिफमध्ये, म्हणजे ड्यूटीच्या दरपत्रकात, आपापलं हेडिंग होतं. हेडिंगं अजून आहेत, त्यांतून येणारा माल गेला.

आता हा ठराव कधीचा आहे ते बघा. २० मे १९९८, जिनिव्हा. त्या वेळी आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळून तीन वर्षं पण झाली नव्हती, व्हीएसएनएलचं डायल-अप, फोन एंगेज आला की लाइन कट. गूगल कंपनी त्या दिवशी अस्तित्वातच नव्हती, ती झाली सप्टेंबरमध्ये. नेटफ्लिक्सने महिनाभर आधी डीव्हीडी पोस्टाने पाठवायला सुरुवात केली होती, स्ट्रीमिंग यायला अजून नऊ वर्षं होती. अशा वेळी मंत्र्यांनी म्हटलं की इलेक्ट्रॉनिक ट्रान्समिशनवर आत्ता कुणी ड्यूटी लावत नाहीये तर तीच पद्धत तूर्त चालू ठेवू, आणि तोवर या विषयाचा अभ्यास करू. तूर्त! ते तूर्त २८ वर्षं चाललंय. जवळपास दर परिषदेला मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ. दोहा, हाँगकाँग, बाली, नैरोबी, ब्यूनोस आयर्स, जिनिव्हा, अबुधाबी. अभ्यास चालूच आहे.

आणि सगळ्यात मोठी गंमत नव्हे, मी तर म्हणेन सगळ्यात मोठा धोका, असा की इलेक्ट्रॉनिक ट्रान्समिशन म्हणजे काय हे अजून कुणी ठरवलेलंच नाही. नुसती तार, नुसतं वहन, की त्यातून वाहून आलेला माल पण? इंडोनेशियाने २०१७ ला ब्यूनोस आयर्समध्ये लेखी सांगून ठेवलंय की आम्ही ही सवलत फक्त वहनापुरती समजतो, मालाला नाही. आपण आणि दक्षिण आफ्रिकेने मिळून जिनिव्हात जे पेपर दिले, २०२० चा तर मी मुद्दाम शोधून वाचला, त्यातही व्याख्या आधी ठरवा हेच सांगितलंय. समोरचे देश म्हणतात मालासकट सगळंच. साहेब, आमच्या धंद्यात नोटिफिकेशनमध्ये एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर ट्रायब्युनलपर्यंत केस जाते, दहा दहा वर्षं चालते. आणि इथे ज्या शब्दाची व्याख्याच नाही त्या शब्दावर जगाला कायमची सही करायला सांगतायत. कुठला साधा इम्पोर्टर पण असा करार करणार नाही.

पैशाचं बोलू या, कारण पैशावरूनच भांडण आहे. अंक्टाडच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास संस्थेच्या, २०१९ च्या अभ्यासात आकडा दिलाय की या सवलतीमुळे विकसनशील देशांचा वर्षाला १० अब्ज डॉलरच्या वर महसूल बुडू शकतो आणि श्रीमंत देशांचा फक्त २८.९ कोटी डॉलर. भारताचा आकडा साधारण ५० कोटी डॉलरच्या आसपास धरतात. मी प्रामाणिकपणे सांगतो, हा आकडा बाउंड रेटवरून काढलाय, म्हणजे आपण डब्ल्यूटीओत जास्तीत जास्त जेवढी ड्यूटी लावू शकतो तेवढी लावली असती तर. आपण सहसा तेवढी लावत नाही. त्यामुळे त्याला वरची मर्यादा समजावं. दुसऱ्या बाजूने युरोपातल्या एका संस्थेचा त्याच वर्षीचा अभ्यास म्हणतो की भारताने अशी ड्यूटी लावली तर जेवढा महसूल मिळेल त्याच्या ४९ पट जीडीपीचं नुकसान होईल. हा आकडा कसा आला ते पण बघायला हवं, त्यात समोरचे देश पण उलटून तशीच ड्यूटी लावतील असं धरलंय. दोन्ही अभ्यास बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते, बुडणारा पैसा कुणाचा आणि वाचणारा पैसा कुणाचा. डिजिटल माल विकणारे देश मोजके आहेत आणि विकत घेणारे आपण सगळे आहोत. आपल्याला २०२३-२४ मध्ये कस्टमचे २ लाख ३३ हजार कोटी मिळाले, एकूण करात तो वाटा लहान आहे, आपण तग धरू. पण आफ्रिकेतले छोटे देश, पॅसिफिकमधली बेटं, जिथे कर गोळा करायची दुसरी यंत्रणाच धड नाही, बंदरावर जे मिळतं त्यावर शाळा-दवाखाने चालतात, त्यांचं काय? ही बैठक आफ्रिकेत आहे म्हणून तर हे आवर्जून लिहितोय.

आता माझ्या घरातलीच हरकत सांगतो. माझी मुलगी ग्राफिक डिझाइन करते, घरूनच काम, दोन-तीन परदेशी सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन दर महिन्याला भरते. मी हे पत्र लिहायला घेतलं तर म्हणाली, बाबा तुम्ही माझंच महाग करायला निघालात. रास्त आहे तिचं. ती त्या बिलावर १८ टक्के जीएसटी भरतेच. आपल्याकडे बाहेरून येणाऱ्या ऑनलाइन सेवांवर डिसेंबर २०१६ पासून आधी सर्व्हिस टॅक्स आणि मग आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) लागतोच, तर मग वर अजून कस्टम कशाला? तिला मी जे सांगितलं तेच इथे लिहितो. जीएसटी इथल्याला पण लागतो, तिथल्याला पण लागतो, तो खपावरचा कर आहे, त्याने इथल्या माणसाला उभं राहायला मदत होत नाही. कस्टम ड्यूटी हे वेगळं हत्यार आहे, ते सरहद्दीवरचं आहे, कुठला माल आत यावा, किती भावात यावा, कुठला उद्योग चार वर्षं सावलीत वाढू द्यावा हे त्याने ठरतं. आणि तुझ्या सॉफ्टवेअरवर ड्यूटी लावा असं मी म्हणतच नाहीये. म्हटलं, तुझ्या सॉफ्टवेअरवर शून्यच ठेवा म्हणतोय. फक्त ते शून्य आपल्या सरकारने लिहिलेलं असावं.

हे शून्य कुणी लिहिलं याने काय फरक पडतो? सगळा फरक पडतो साहेब, आणि हे माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल कारण मी रोज तेच करतो. कस्टम्स अ‍ॅक्ट १९६२, कलम १२ म्हणतं आयात मालावर ड्यूटी लागेल. कलम २५ म्हणतं जनहितासाठी सरकार नोटिफिकेशन काढून ती पूर्ण किंवा काही अंशी माफ करू शकतं. कॅन्सरच्या औषधाला माफी, अमुक मशिनरीला माफी, कधी डाळीला माफी आणि पीक चांगलं आलं की माफी बंद. तूर आपल्याकडे पिकली नाही की ड्यूटी काढतात, पिकली की लावतात, आमच्या विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा खेळ तोंडपाठ आहे, कधी त्याच्या बाजूने लागतो, कधी विरुद्ध, पण निदान भांडायला दिल्ली आहे, खासदार आहे. माफी देणाऱ्याच्या हातातच माफी काढून घेणं पण असतं. २०२१ पासून तर आपल्याच कायद्यात अशी तरतूद आहे की शर्तीची सवलत दोन वर्षांनंतरच्या ३१ मार्चला आपोआप संपते, पुन्हा हवी असेल तर पुन्हा विचार करा आणि पुन्हा काढा. किती चांगली तरतूद आहे. आणि योगायोग बघा, अबुधाबीची सवलत पण ३१ मार्चलाच संपतेय. आपण आपल्या इम्पोर्टरला जे देत नाही, कायमची माफी, ते जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांना का द्यायचं?

इंडोनेशियाने हे फार सरळ केलं होतं. २०१८ मध्ये त्यांनी आपल्या टॅरिफमध्ये ९९ नंबरचं चॅप्टर टाकलं, सॉफ्टवेअर आणि इतर डिजिटल माल, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आलेला, आणि समोर दर लिहिला ० टक्के. लोक हसले म्हणे, शून्यच लावायचं तर हेडिंग कशाला. मी ते वाचलं तेव्हा म्हटलं हा कुणीतरी कस्टमवाला माणूस आहे. हेडिंग असलं की डिक्लेरेशन येतं, डिक्लेरेशन आलं की आकडा येतो, आकडा आला की देशाला कळतं की काय आत येतंय, कुठून येतंय, कितीचं येतंय. मग २०२२ मध्ये त्यांनी नियम केला की पैसे भरल्यापासून ३० दिवसांत डिक्लेरेशन द्यायचं. म्हणजे इंटरनेटवरची एक एक फाइल उघडून बघायची गरजच नाही, बिलावरून काम होतं. आपल्याकडे ऑनलाइन सेवांवरचा जीएसटी तसाच तर घेतो आपण, परदेशी कंपनी रजिस्ट्रेशन करते आणि भरते. तेव्हा कस्टमला बिट्स आणि बाइट्स कसे पकडणार हो, हा जो प्रश्न सारखा विचारतात तो आता जुना झाला.

पण पुढे काय झालं ते वाचून मला झोप लागली नाही. २२ जुलै २०२५ चं अमेरिका-इंडोनेशियाचं संयुक्त निवेदन. त्यात इंडोनेशियाने कबूल केलंय की हे टॅरिफमधलं हेडिंग आम्ही काढून टाकू, डिक्लेरेशनची अट थांबवू आणि डब्ल्यूटीओत कायमच्या सवलतीला पाठिंबा देऊ. शून्य टक्के होतं! एक रुपया, एक रुपिया म्हणा, वसूल होत नव्हता त्या हेडिंगवर. तरी ते काढायला लावलं. का? कारण त्या शून्यात उद्या काहीतरी लिहायची सोय होती. भांडण पैशाचं असतं तर शून्याला कुणी हात लावला नसता. ऑक्टोबरमध्ये मलेशियाने पण असाच करार केला, कायमच्या सवलतीला पाठिंबा आणि वर अमेरिकी कंपन्यांवर डिजिटल सर्व्हिस टॅक्स लावणार नाही हे पण. कॅनडाचा ३ टक्क्यांचा डिजिटल टॅक्स, पहिला हप्ता भरायच्या आदल्या दिवशी, २९ जून २०२५ ला मागे घेतला गेला कारण अमेरिकेने बोलणीच तोडली होती. जिनिव्हात दक्षिण आफ्रिका, इंडोनेशिया आणि आपण असे तिघं ठामपणे उभे राहायचो, त्यातला एक असा दुसऱ्या दरवाजाने बाहेर नेला गेला.

आपण पण काय दिलंय ते आठवू या. १ जून २०१६ पासून आपण ऑनलाइन जाहिरातींवर ६ टक्के इक्वलायझेशन लेव्ही, म्हणजे परदेशी ऑनलाइन कंपन्यांच्या कमाईवरचा कर, घेत होतो, सगळ्या जगात असा कर आधी लावणाऱ्यांपैकी आपण एक. २०२० मध्ये ई-कॉमर्सवर २ टक्के लावली. लगेच अमेरिकेने त्यांच्या व्यापार कायद्यातल्या कलम ३०१ ची चौकशी लावली आणि जून २०२१ मध्ये आपल्या मालावर २५ टक्के जादा ड्यूटी जाहीर करून लगेच स्थगित ठेवली, यादीत कोळंबी होती, बासमती होता, सोन्याचे दागिने होते. अंधेरीच्या सीप्झमध्ये जे पोरं-पोरी मान खाली घालून दागिन्याला खडे बसवतात त्यांच्या पोटावर ती तलवार टांगली होती, आणि कशासाठी तर परदेशी वेबसाइटवर २ टक्के कर लावला म्हणून. १ ऑगस्ट २०२४ ला २ टक्क्यांची काढली, १ एप्रिल २०२५ ला ६ टक्क्यांची पण काढली. आणि त्याच २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लागला. मला राजकारण कळत नाही पण हिशेब कळतो, आपण दिलं ते जमा झालं आणि आपल्याला मिळालं काही नाही. आता हातात जे एक हत्यार उरलंय ते हे, सरहद्दीवरच्या ड्यूटीचा हक्क. अजून एकदाही वापरलेलं नाही. म्हणूनच त्याची किंमत आहे.

मी मुलुंडला राहतो. जकात नाका माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर होता. रात्री ट्रकची रांग, दिव्यांची माळ लागल्यासारखी, ड्रायव्हर स्टोव्ह पेटवून रस्त्याच्या कडेला भात टाकायचे, आणि आत काय चालायचं ते सगळ्या मुंबईला माहीत होतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि नाका बंद झाला, मला आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू. ट्रक थांबायचे बंद झाले. पण त्याच आठवड्यात पेपरात फोटो आला होता, राज्य सरकारने महापालिकेला भरपाईचा सुमारे ६४७ कोटींचा पहिला चेक दिला त्याचा. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की अरे, कालपर्यंत ही देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिका स्वतःच्या नाक्यावर स्वतः पैसे घेत होती, आणि आजपासून दर महिन्याला दुसऱ्याच्या चेकची वाट बघणार. बाकीच्या महापालिकांचं तर विचारूच नका, तिथे आधी जकात गेली, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, मग तो पण गेला. नाका वाईट होता म्हणून गेला, ठीक. पण नाका गेल्यावर ठरवायचा अधिकार कुणाकडे गेला हे आपण विचारलं नाही. तिथे निदान भरपाईचा कायदा झाला, चेक येतो. डब्ल्यूटीओत आपण हक्क सोडून दिला तर आपल्याला भरपाईचा चेक कोण देणार?

अजून एक गोष्ट आहे जी मला या सगळ्यात जास्त खुपते. भोसरीला माझे दोन-तीन जुने क्लायंट आहेत, छोटी वर्कशॉप, चाकणच्या गाड्यांच्या कंपन्यांना पार्ट करून देतात. गेल्या वर्षी त्यातल्या एकाकडे गेलो होतो, एक मशीन आली होती तिचे कागद द्यायला. मशीनवर ड्यूटी भरली, आयजीएसटी भरला, क्रेनवाल्याला दिले, सगळं झालं, मशीन उभी राहिली आणि चालू होईना. कारण सॉफ्टवेअरची चावी वेगळी. ती ईमेलने आली, त्याचं बिल वेगळं, डॉलरमध्ये, दर वर्षी भरायचं. तो मला मशीनवर हात ठेवून म्हणाला, लोखंडाची ड्यूटी भरली, आता अकलेचं भाडं भरतोय. मशीनची किंमत दर वर्षी खाली येतेय आणि त्या चावीची वर जातेय, म्हणजे जे आपल्या टॅरिफमध्ये आहे ते छोटं होत चाललंय आणि जे नाही ते मोठं. उद्या थ्रीडी प्रिंटिंग अजून स्वस्त झालं की परदेशातून पार्टच येणार नाही, पार्टची फाइल येईल आणि चाकणला छापली जाईल. आज तो पार्ट कंटेनरमधून आला तर त्यावर ड्यूटी आहे आणि त्या ड्यूटीच्या आडोशाला भोसरीचं वर्कशॉप उभं आहे. फाइल आली तर आडोसा नाही. १९९६ च्या आयटी करारात आपण १९९७ ला सामील झालो आणि कॉम्प्युटर, टेलिफोनच्या सामानावरची ड्यूटी शून्यावर नेली, त्यानंतर इथे हार्डवेअर बनवणाऱ्यांचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, आणि म्हणूनच २०१५ च्या दुसऱ्या करारात आपण गेलो नाही, सरकारनेच तेव्हा अक्कल दाखवली. आजही दाखवा.

मला कल्पना आहे की तिथे एका विषयाची दुसऱ्याशी सांगड घालतात. ट्रिप्समधल्या, म्हणजे पेटंट-कॉपीराइटच्या डब्ल्यूटीओ करारातल्या, नॉन-व्हायोलेशन तक्रारींवरची (नियम मोडला नसला तरी फायदा बुडाला म्हणून करायच्या तक्रारी) स्थगिती, जी आपल्या औषध कंपन्यांसाठी महत्त्वाची आहे, ती हवी असेल तर ही पण द्या, असं वर्षानुवर्षं चालत आलंय. औषधाचा विषय सोडा असं मी म्हणणार नाही. पण त्या बदल्यात कायमचं काही लिहून देऊ नका. अगदीच नाइलाज झाला तर दोन वर्षं द्या, पण व्याख्या करून घ्या, लेखी, की ही सवलत वहनाला आहे, मालाला नाही. आणि जी काय सवलत असेल तिला शेवटची तारीख असू द्या. १९९९ ला सिएटलच्या परिषदेत मुदतवाढीचा निर्णय झालाच नव्हता, दोहाची परिषद यायला दोन वर्षं गेली, त्या दोन वर्षांत इंटरनेट बंद पडलं नाही आणि कुणी घाईघाईने ड्यूटी लावली नाही. सवलत संपली की जग बुडेल असं सांगणाऱ्यांना हे सांगा.

त्याहून महत्त्वाचं, याउंदेत जे राखाल ते वॉशिंग्टनबरोबरच्या करारात देऊन टाकू नका. इंडोनेशियाचं तसंच झालं. जे काही लिहून देणार असाल ते आधी संसदेत ठेवा, घटनेचं कलम २६५ म्हणतं कायद्याशिवाय कर लावता येत नाही, मग कर न लावायचं कायमचं वचन पण लोकांच्या प्रतिनिधींनी बघितल्याशिवाय कसं देता येईल? आणि परत आलात की अर्थ मंत्रालयाला सांगून आपल्या टॅरिफमध्ये एक हेडिंग उघडा, त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागली तर करा, दर शून्य ठेवा, डिक्लेरेशन घ्यायला लागा. दोन वर्षांचा आकडा हातात आला की अंक्टाड काय म्हणतं आणि युरोपातली संस्था काय म्हणते हे बघत बसायची गरज पडणार नाही.

त्या दिवशी सहारला ड्रॉइंगचा कोपरा धरून मी तासभर उभा होतो, हात भरून आला होता. अप्रेझरने सही केल्यावर म्हणाला, सोड आता, आणि कागद आपोआप गुंडाळला गेला. तुम्ही याउंदेत टेबलावर बसाल तेव्हा आपल्या बाजूचा कोपरा धरून ठेवा, एवढंच मागतोय.

आपला,
न्हावा शेव्याचा एक कस्टम ब्रोकर
मुलुंड, मार्च २०२६